आयपीएलचा एक चेंडू आणि खानापूरचं पाच लाखांचं बक्षीस

प्रश्न असा आलाय: "काका, आमचं मंडळ बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. सहा वर्षं आम्ही रात्रीची टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा भरवतो. यंदा पहिलं बक्षीस पाच लाख ठेवायचं ठरतंय. आयपीएलला हजारो कोटी मिळतात, मग आम्हाला पाच लाखांचा प्रायोजक का मिळत नाही? आणि मोठी स्पर्धा झाली की गावाचा धंदा वाढतो म्हणतात, ते खरं का?"

मी बेळगावात तीसेक वर्षं हेच काम करतोय. भिंती रंगवण्यापासून सुरुवात, मग कुस्ती मैदानांची पत्रकं, मग स्पर्धांना प्रायोजक मिळवून देणं. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी आयपीएलचा हिशेब मांडू. जून २०२२ मध्ये तीन दिवस ई-लिलाव चालला आणि २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. ४१० सामने धरले होते. म्हणजे सामन्याला साधारण ११८ कोटी. एका सामन्यात दोन्ही डावांचे मिळून २४० चेंडू धरले, तर एका चेंडूला ४९ लाख. तुझं पाच लाखांचं पहिलं बक्षीस म्हणजे त्या एका चेंडूचा दहावा हिस्सा. हे ऐकून पोरं हसतात, पण मला यात दुसरंच दिसतं. या आकड्यात बक्षिसाचा कुठे संबंध नाही. आयपीएल जिंकणाऱ्या संघाला मिळणारी रक्कम त्या हक्कांपुढे किरकोळ आहे. बक्षीस मोठं म्हणून पैसा आला, असं तिथे घडलेलंच नाही. तुमचं मंडळ मात्र नेमकं तिथूनच सुरुवात करतंय.

मग विकलं काय जातं? ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरावीक माणसं एकाच जागी बघत बसणार, याची खात्री. आणि त्या वेळात त्यांच्यासमोर दुसऱ्या कोणाचं नाव येणार नाही, याचीही खात्री. खेळ चांगला असणं ही वेगळी गोष्ट आहे. जून २०१९ मध्ये आपल्या बेळगावच्या ऑटोनगर मैदानावर भारत अ संघाकडून ऋतुराज गायकवाडने श्रीलंका अ विरुद्ध नाबाद १८७ केल्या. खेळ त्याहून काय चांगला असायचा? पण तसल्या सामन्यासाठी कोणी वेगळी बोली लावायला बसत नाही. कारण बघणाऱ्यांची खात्री नाही.

ही खात्री विकायची कला आपल्याकडे आयपीएलच्या कितीतरी आधीपासून आहे. कुस्ती मैदानाचं पत्रक आठव. वर देवाचं नाव, यात्रेची तारीख, खाली एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची, तीन नंबरची. प्रत्येक जोडीखाली बारीक अक्षरात 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, अमुक यांच्याकडून'. आनंदवाडीच्या आखाड्यात घे, नाहीतर कंग्राळीच्या मैदानात, पद्धत तीच. देणगीदार हलगीच्या तालावर आखाड्यात येतो, त्याला फेटा बांधतात, तो दोन्ही पैलवानांचे हात एकमेकांना लावून देतो, फोटो निघतो, निवेदक माईकवर त्याच्या वडिलांचं नाव घेतो, मग कुस्ती लागते. त्या दोन मिनिटांत मैदानातल्या सगळ्या नजरा त्याच्यावर असतात. चाळीस कुस्त्या म्हणजे अशी चाळीस दोन-दोन मिनिटं, चाळीस देणगीदारांना विकलेली. आयपीएलने पुढे वेगळं काय केलं? सुरुवातीच्या हंगामात षटकार गेला की समालोचक 'डीएलएफ मॅक्झिमम' म्हणायचे. आता खेळ थांबवून संघ चर्चा करतात ती अडीच मिनिटं सीएट टायरच्या नावाने आहेत. पत्रक छापणाऱ्या आपल्या जुन्या प्रेसवाल्याला यात नवल वाटलं नसतं.

एकदा चिकोडीकडच्या मैदानासाठी मी एका टायरवाल्याकडे गेलो होतो. म्हटलं, पेपरात मोठी जाहिरात देतो, त्यात तुमचं नाव. तो म्हणाला, "पेपरात नाव बघून कोण टायर घेऊलाय? माईकवर किती वेळा घेणार ते सांग की." त्या एका वाक्याने मला जेवढं शिकवलं तेवढं नंतरच्या कुठल्या सेमिनारने नाही. तेव्हापासून मी निवेदकाच्या हातात कागद देतो: कोणाचं नाव, कितव्या षटकानंतर, किती वेळा. आणि एक पोरगा पेन घेऊन बाजूला बसवतो, घेतलं की टिक. स्पर्धा संपली की तो कागद प्रायोजकाला. पुढच्या वर्षी त्याच्याकडे फारसं बोलावं लागत नाही.

दुसरी गोष्ट, फलकांची गर्दी. तुमच्या गेल्या वर्षीच्या फायनलचा व्हिडिओ मी बघितला. सीमारेषेवर मोजायला गेलो तर साठच्या पुढे बॅनर. त्यात तीन मोबाइलची दुकानं, दोन दुचाकीचे डीलर, चार ज्वेलर्स, आणि सगळ्यांकडून दोन-दोन हजार. याला मी वर्गणी म्हणतो, प्रायोजकत्व म्हणत नाही. ऑलिम्पिकनेही ही चूक केली होती. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकला सहाशेहून जास्त प्रायोजक आणि पुरवठादार होते, तरी शहर कर्जात बुडालं. ते कर्ज २००६ मध्ये फिटलं. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसने उलटं केलं. मुख्य प्रायोजक तीसेकच घेतले आणि प्रत्येक धंद्यातला एकच. कॅमेऱ्याच्या फिल्मचा मान कोडॅकला द्यायचा होता, त्यांनी किंमत मान्य केली नाही, तर अमेरिकेच्या अंगणात जपानची फुजी घुसली. १९३२ च्या ऑलिम्पिकचं स्टेडियम पुन्हा वापरलं, नवीन बांधकाम कमीत कमी. शेवटी वीस कोटी डॉलरहून जास्त शिल्लक राहिली. तुला दुचाकीवाला एकच घ्यायचा आहे. दुसरा येईल, पंधरा हजार जास्त देतो म्हणेल, तेव्हा नाही म्हणायचं. हे मंडळाच्या बैठकीत पटवणं सर्वांत अवघड, कारण दुसरा नेहमी कोणाचा तरी मेहुणा असतो.

आणि फुकट्यांपासून सावध. १९९६ च्या विल्स वर्ल्ड कपला अधिकृत पेय कोका-कोला होतं; पैसे त्यांनी मोजले. पेप्सीने 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' म्हणत जाहिराती केल्या आणि लोकांच्या लक्षात पेप्सीच जास्त राहिली. आमच्याकडे हेच एका सिमेंट डीलरने केलं होतं. पैसे दिले दुसऱ्याने, याने मैदानाच्या वळणावर चिंचेच्या झाडाला वीस फुटी फ्लेक्स लावला. मैदानाच्या आत आमचा हक्क, पण झाड शेजारच्या शेतकऱ्याचं. पैसे देणारा माझ्यावर इतका भडकला की अर्धी रक्कम अजून यायची आहे. आता मी मैदानाबरोबर रस्त्याकडेच्या दोन्ही शेतकऱ्यांशी आधी बोलतो, त्यांना थोडी रक्कम देतो आणि स्पर्धेपुरता त्या बांधावरचा हक्क कागदावर घेतो. खर्च थोडा होतो, पण झाडं आपल्या ताब्यात राहतात.

आता तुमचं बजेट. तू सांगितलंस त्यावरून मी असं धरतो: पहिलं पाच लाख, दुसरं अडीच, मालिकावीराला एक लाखाची मोटरसायकल. झाले साडेआठ. लाइट, जनरेटर, मंडप, पंच, स्कोअरर, निवेदक, यूट्यूब लाइव्ह, चहापाणी, डॉक्टर मिळून चार. एकूण साडेबारा लाख. ३२ संघांची दहा हजार प्रवेश फी म्हणजे ३ लाख २० हजार. खड्डा ९ लाख ३० हजारांचा. तो कोण भरणार, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही: कोणीतरी साहेब. निवडणुकीच्या वर्षी भरतील. त्यांच्या दृष्टीने तो व्यवहार योग्यच आहे, त्यांनी गर्दी विकत घेतली. पण पुढच्या वर्षी निवडणूक नसेल तेव्हा पाच लाखांचं बक्षीस तुझ्या गळ्यात. बक्षीस कमी केलं की लोक म्हणतात स्पर्धा उतरली.

त्यापेक्षा असं बघ. सगळी बक्षिसं मिळून तीन लाख. खर्च तोच चार. एकूण सात. फी सहा हजार, ३२ संघ, १ लाख ९२ हजार. उरतात ५ लाख ८ हजार. स्पर्धेला ज्याचं नाव तो एकजण दीड लाख. मग सहा धंद्यांतले सहाजण, प्रत्येकी चाळीस हजार, २ लाख ४० हजार. राहिला कुस्तीचा धडा: ३२ संघांच्या नॉकआऊटमध्ये सामने ३१. प्रत्येक सामन्याचा एक देणगीदार, चार हजारांचा. नाणेफेक त्याच्या हातून, सामनावीराचं बक्षीस त्याच्या हातून, वडिलांच्या स्मरणार्थ म्हणायचं तर तसं. १ लाख २४ हजार. बेरीज ५ लाख १४ हजार. सहा हजार उरतात, ते चहात जातील. चार हजार देणारी ३१ माणसं तुमच्या गावात आणि गावातून पुण्या-मुंबईला, गोव्याला गेलेल्यांत नक्की आहेत. पाच लाख देणारा एकही नाही.

धंदा वाढतो का, हा तुझा दुसरा प्रश्न. इथे मोठ्या माणसांचे मोठे आकडेही मी जरा संशयानेच घेतो. २०२३ च्या पुरुष वर्ल्ड कपने भारताच्या अर्थव्यवस्थेला १३९ कोटी डॉलरचा फायदा झाला, असं आयसीसीने नंतर जाहीर केलं. असेलही. पण असल्या अहवालात बहुतेक वेळा झालेला सगळा खर्च मोजतात. ती स्पर्धा नसती तर तोच पैसा दुसरीकडे खर्च झाला असता, ते वजा होतंच असं नाही. गावात सोपं आहे समजायला. ज्याने मैदानावर भेळ खाल्ली त्याने त्या रात्री चौकात खाल्ली नाही. भेळवाला बदलला, गावाचा पैसा तेवढाच. गावात नवा पैसा येतो तो फक्त बाहेरच्या माणसाच्या खिशातून.

बाहेरचा माणूस किती आला हे मोजायची सोय आपल्या सीमाभागासारखी दुसरीकडे क्वचित असेल. गाडीची नंबर प्लेट. केए-२२ म्हणजे बेळगाव, केए-२३ चिकोडी, केए-४९ गोकाक. एमएच-०९ कोल्हापूर, एमएच-१० सांगली, एमएच-०७ सिंधुदुर्ग, आणि जीए म्हणजे गोवा. काही वर्षांमागे निपाणीजवळच्या एका स्पर्धेत मी दोन कॉलेजच्या पोरांना पार्किंगला उभं केलं. पहिल्या रात्री ती पोरं कंटाळली, दुसऱ्या रात्री त्यांना गंमत वाटायला लागली, तिसऱ्या रात्री तर पैजा. कागदावर रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या रेघा. शेवटच्या तीन रात्री दर चार गाड्यांत एक महाराष्ट्राची निघाली. तो कागद घेऊन मी गडहिंग्लजच्या एका ट्रॅक्टर डीलरकडे गेलो. आधी तो म्हणत होता, कर्नाटकातल्या स्पर्धेला मी कशाला पैसे देऊ. कागद बघितला, दोनदा मोजला, चहा मागवला. त्या वर्षीचा स्पर्धेच्या नावाचा प्रायोजक तोच. तुझ्या मैदानावर गोव्याच्या गाड्या जास्त असतील असा माझा अंदाज. मोज, मग बोल.

सीमाभागाची अडचणही त्याच रस्त्यावर आहे. मोठ्या कंपनीचं जाहिरातीचं बजेट राज्यवार असतं. बेळगाव जिल्हा कर्नाटकात, म्हणून पैसे हुबळी किंवा बेंगळूरच्या ऑफिसात. मराठी मजकूर मंजूर करणारा माणूस पुण्यात, त्याच्याकडे आपल्यासाठी पैसे नाहीत. दोघंही गोड बोलतात आणि फाइल मध्ये पडून राहते. यावर माझा उपाय एकच: कंपनीकडे जायचंच नाही, डीलरकडे जायचं. डीलरला भाषेचं देणंघेणं नसतं, त्याला गिऱ्हाईक कळतं. फलक पहिल्यापासून दोन्ही भाषांत कर. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात आस्थापनांच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड लागतं. तुझा बॅनर त्या कायद्यात बसतो की नाही याचा वाद रात्री दहाला मैदानावर घालत बसू नकोस, वर कन्नड ठेव, खाली मराठी ठेव, आणि खेळ सुरू कर. निवेदकही दोन भाषा बोलणारा बघ. तारीख १ नोव्हेंबरच्या आसपास धरू नको, कारण तुला माहीत आहे: कन्नड राज्योत्सव आणि मराठी माणसांचा काळा दिवस एकाच दिवशी. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हाही नको. पोलीस बंदोबस्त मिळत नाही आणि बेळगावातले लॉज आमदार-अधिकाऱ्यांनी भरलेले. (दहा-पंधरा दिवसांत शहरातल्या लॉजवाल्यांना जे मिळतं ते बघितलं की वाटतं, आपल्या शहरातली सर्वांत किफायतशीर स्पर्धा तीच.) मेच्या पहिल्या पंधरवड्यात वळीव गाठतो. माझी एक फायनल असली धुऊन निघाली की प्रायोजकाने फायनल झालीच नाही म्हणून तिसरा हप्ता अडवला. करारात पावसाचा राखीव दिवस लिहिलेला नव्हता. चूक माझीच.

यूट्यूबबद्दल तू विचारलं नाहीस, पण तिथेच तुमचं सर्वांत जास्त जातंय. लाइव्हवाला तुमच्याकडून दिवसाचे पैसे घेतो, स्वतःच्या चॅनेलवर दाखवतो, खालच्या पट्टीत स्वतःच्या ओळखीच्या जाहिराती चालवतो. म्हणजे तुमचा हक्क तुम्ही पैसे देऊन त्याला दिलात. आपल्या देशात हा धंदा उभा राहिला तो नेमक्या याच प्रश्नावरून. १९९३ च्या हिरो कपचं प्रक्षेपण कोणी करायचं यावरून दूरदर्शन आणि क्रिकेटवाले कोर्टात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी सार्वजनिक आहेत, सरकारची त्यांवर मक्तेदारी नाही. त्यानंतर हक्कांना खरा बाजार मिळाला. तुम्ही फक्त एक साधा कागद करा: पट्टीवरची जागा मंडळाची, रेकॉर्डिंग मंडळाचं, त्याला दिवसाची मजुरी. नाहीतर उलटं, तोच तुम्हाला पैसे देईल आणि जाहिराती त्याच्या. दोन्हीपैकी एक. दोन्ही हात त्याचेच, असं नको.

बोली लावणारे किती, यावरही किंमत ठरते, तेवढं लक्षात असू दे. २०१८ ते २०२२ चे आयपीएल हक्क १६,३४७ कोटींना गेले होते, पुढच्या वेळी जवळजवळ तिप्पट. कारण टीव्ही आणि मोबाइल वेगळे विकले आणि डिस्ने स्टार आणि रिलायन्सचं व्हायकॉम १८ हे दोन तगडे गडी ईर्ष्येला पेटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेच दोघे एकत्र आले. पुढच्या लिलावात तिप्पट सोड, मला दीडपटही दिसत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये बंदीचा कायदा आला तेव्हा भारतीय संघाच्या जर्सीवरून ड्रीम ११ एका रात्रीत उतरलं. मग अपोलो टायर्स आलं. जागेला किंमत होती म्हणून दुसरा आला. तुमचा साहेब उतरला तर जागा घ्यायला कोण येईल, हे आत्ताच शोधून ठेव.

सट्ट्याबद्दल एवढंच. कर्नाटक प्रीमियर लीगमध्ये २०१९ ला फिक्सिंगचं प्रकरण निघालं, आपल्या बेळगावी पँथर्स संघाच्या मालकाला अटक झाली, आणि ती लीग पुन्हा त्या नावाने उभी राहिली नाही. टेनिस बॉलवर रात्री पैसे लागतात हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पाच लाखांच्या बक्षिसाने ते वाढतं. बाहेरून भाड्याने आणलेले चार खेळाडू एका संघातून दुसऱ्या संघात फिरत असतील तर तिथूनच सुरुवात होते, म्हणून खेळाडूंची यादी आधारकार्डासह आठ दिवस आधी घे आणि मग बदलू देऊ नको.

कागदपत्रं पटकन सांगतो. मंडळ नोंदणीकृत हवं, मंडळाच्या नावाने पॅन आणि बँक खातं हवं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला फाउंड्रीवाला रोख देणार नाही, त्याला बिल लागतं. आणि कोणी सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून, देतो म्हणालं तर हुरळून जाऊ नको. ग्रामीण खेळाचं प्रशिक्षण सीएसआरमध्ये बसतं, पण एकदाच होणाऱ्या स्पर्धेचं प्रायोजकत्व बसत नाही, असं केंद्राने २०१४ मध्येच स्पष्ट केलंय. ऑडिटर ते उडवतो आणि मग चेक परत मागतात. वर्षभर पोरांचं शिबिर चालवणार असशील तर तो वेगळा प्रस्ताव कर, स्पर्धेत मिसळू नको.

बैठक पुढच्या रविवारी आहे म्हणालास. त्याआधी गेल्या वर्षीच्या साठ बॅनरवाल्यांची यादी धंद्यानुसार लावून पाठव, प्रत्येकासमोर किती दिले ते लिहून. त्यातून सहा कोण आणि ३१ कोण हे दोन तासांत निघेल. पत्रकाचा मजकूर मात्र प्रेसला देण्याआधी मला दाखव. नावांचा क्रम चुकला की फेटा बांधलेला माणूसही मैदानातून उठून जातो, हे मी दोनदा बघितलंय.